खजिनदाराची सही

मी ख्रिस्ती पाळक आहे. ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे घडलं तिथून माझी केव्हाच बदली झाली. गाव नगर जिल्ह्यातलं, एवढं पुरे.

वार्षिक सभेचा रविवार कुठल्याच पाळकाला आवडत नाही. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. त्या मिशनचं नगरचं ठाणं १८३१ सालचं. मंडळीचा कारभार सभासदांनी मिळून चालवायचा, ही त्या मिशनची परंपरा. परंपरा चांगलीच आहे, पण तिच्यासोबत निवडणूकही आली आणि निवडणुकीसोबत गट आले. आमच्याकडे एक गट मिशन कंपाउंडातल्या जुन्या घराण्यांचा, दुसरा वाडीवरच्यांचा. कापणीच्या सणात कोंबडीचा लिलाव लागला तरी बोली गटागटानं चढायची.

त्या दिवशी मी मुद्दामच बायबलातला १ करिंथ अध्याय ३ वाचला, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ म्हणून भांडणाऱ्यांना पौल तिथे बाळकं म्हणतो. तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न अजून झेपत नाही, असं सुनावतो. आणि ही करिंथची मंडळी काही साधीसुधी नव्हती. त्याच पत्राच्या सुरुवातीला पौल लिहितो की तुम्हांला कुठल्याच कृपादानाची, म्हणजे देवानं दिलेल्या देणगीची, उणीव नाही. ज्ञान होतं, अन्य भाषा होत्या, संदेश होते. तरी बाळकंच. आपल्याकडे प्रौढ विश्वासी कोण, तर ज्याची प्रार्थना लांब, ज्याला वचनं पाठ, जो उपास धरतो. करिंथात हे सगळं भरपूर सापडलं असतं. उपदेश चालू असताना दोन्ही बाजूंच्या माना डोलत होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, पाळकसाहेब समोरच्या बाकांना चांगलं ऐकवतायत.

उपासनेनंतर चिठ्ठ्या वाटल्या. खजिनदार होते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. वर्षानुवर्षं तेच. त्यांच्या विरोधात उभा होता मोबाइलचं दुकान चालवणारा एक तरुण, त्यांचाच शाळेतला विद्यार्थी. मोजणी झाली आणि गुरुजी पडले, तेही थोडक्यात. मागून कुणीतरी टाळी वाजवली. गुरुजींचा मुलगा उठून म्हणाला, “पप्पा, चला. या मंडळीत आता पाऊल टाकायचं नाही.” गुरुजी काही न बोलता चपला घालून निघाले. मी आशीर्वचन म्हटलं तेव्हा निम्मी बाकं रिकामी होती.

आता पुढचं सहसा ठरलेलं असतं. पडलेला माणूस नव्याने निघालेल्या एखाद्या सभेत जायला लागतो, जाताना चार घरं नेतो. त्याहून वाईट प्रकार सहीचा. बँकेत सह्या बदलायच्या तर ठरावाची प्रत, नव्या माणसाची कागदपत्रं, फॉर्म, हे सगळं लागतं. त्यात आठवडे जातात, आणि तोवर चेकवर जुन्याच खजिनदाराची सही चालते. त्यानं ‘बघू’ म्हटलं की मंडळीचा कारभार थांबला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी विधवा फंडातून काही बायांना मदत जायची. दुसऱ्याच दिवशी तो सोमवार होता.

संध्याकाळी मी चेकबुक पिशवीत घालून गुरुजींच्या घरी गेलो. मनात विनवणीची वाक्यं जुळवत होतो. ओसरीवर पोहोचलो तर आत तो मोबाइलवाला मुलगा बसलेला, पुढ्यात कीर्द, खतावणी आणि पावतीपुस्तकांचा ढीग. गुरुजी त्याला झापत होते. “अरे, हे व्हाउचर बिननंबरचं कसं चालेल? ऑडिटर तुझा मामा आहे का?”

“सलाम गुरुजी,” मी म्हटलं.

“सलाम, पाळकसाहेब. बसा. चेक आणलेत ना? मी निरोप देणारच होतो.”

त्यांनी एकेक चेक नाव वाचून सही करून दिला. एका बाईंचं आडनाव मी चुकीचं लिहिलं होतं, तो परत लिहायला लावला. मुलगा चहाचे कप ठेवायला आत गेला तसा मी हळूच विचारलं, “गुरुजी, मन ठीक आहे ना?”

“ठीक कशाचं? राग आलाय. याच्या चुलत्यानं घरोघर फिरून माझ्याविरुद्ध सांगितलं, मला सगळं कळलंय. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही, आणि आज तरी बोलणार नाही. पण त्या बायांनी माझं काय केलंय? त्यातल्या एकीचा उद्या दवाखाना आहे.”

मला फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आठवला. मी अजून पूर्ण झालेलो नाही, असं पौल तिथे स्पष्ट सांगतो आणि काही ओळींतच ‘आपण जितके प्रौढ आहोत’ म्हणत स्वतःलाही त्यांत धरतो. सेमिनरीत असताना ही मला विसंगती वाटायची. त्या ओसरीवर वाटली नाही. राग गेलेला नव्हता. फक्त त्याला चेकबुकाला हात लावायची परवानगी नव्हती. हे कुठल्या एका रविवारी शिकलेलं असणं शक्य नाही. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की बरंवाईट ओळखायची इंद्रियं सरावानं तयार होतात. हा माणूस वर्षानुवर्षं दर रविवारी दानाची चिल्लर मोजत होता आणि दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याचा म्हणून वहीत लिहीत होता. माझ्या मते त्यांचा सराव झाला तो तिथे. प्रार्थनासभेत गुरुजी उभे राहिलेले मला फारसे आठवत नाहीत.

निघताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. “हे पुढच्या रविवारी पुलपिटावरून सांगू नका. टाळीवाल्यांना वाटेल, मी तुमच्याकडून बोलवून घेतलं.” मी सांगितलं नाही.

गुरुजींचा मुलगा मात्र महिनाभर मंडळीत आला नाही. मग आईच्या धाकानं येऊ लागला. चुलत्याशी गुरुजी कधी बोलले ते मला माहीत नाही. सह्या बदलून आल्या, आणि नव्या खजिनदाराची कीर्द मी पाहिली तेव्हा प्रत्येक व्हाउचरवर लाल शाईत नंबर होता.

माझी बदली झाल्यावर पुढच्या निवडणुकीत गुरुजी पुन्हा खजिनदारपदालाच उभे राहिले. मी फोन केला तर म्हणाले, “परत पडलो. पण पाळकसाहेब, या खेपेला मतं वाढली.”