तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या पिकअपचे मूळ इंजिन का काढले?

माझ्याकडे १९४८ सालचा शेव्हरोले ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप आहे. तो पाहणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस, मग तो इथल्या, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधला असो किंवा पुण्याहून आलेला पाहुणा असो, बॉनेट उघडताच एकच प्रश्न विचारतो : इतकी देखणी जुनी गाडी मूळ रूपात का ठेवली नाहीत? प्रश्नात हळहळ असते आणि थोडा ठपकाही असतो. याचे उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

हा ठपका कुठून येतो हे मी समजू शकतो. भारतात जुन्या गाडीचा मान तिच्या मूळपणाला असतो. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले, त्यांतही वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपातले असावे, त्याच्या चॅसीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशीच अट आहे. अमेरिकेतही या पंथाचे लोक पुष्कळ आहेत आणि मूळ बनावटीचा एकेक स्क्रू मिळवण्यासाठी ते जी चिकाटी दाखवतात तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु इथे शेजारीच दुसरा पंथ आहे, आणि तोही चांगला जुना आहे.

१९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण फोर्डच्या स्वस्तातल्या जुन्या गाड्यांचे मडगार्ड काढून, इंजिनांशी खटपट करून त्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत पळवत असत. या वेगाच्या चाचण्यांना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. या गाड्यांना हॉट रॉड म्हणत. १९६०च्या दशकात मात्र मोटारींचे कारखानेच इतक्या दमदार गाड्या विकू लागले की केवळ वेगासाठी घरी गाडी जुळवण्यात फारसा अर्थ उरला नाही. तेव्हा या छंदातल्या अनेकांनी शर्यतीऐवजी प्रवासाकडे मोर्चा वळवला : गाडी दिसायला जुनी असावी, पण बायकामुलांना घेऊन शेकडो मैल निर्धास्तपणे जावी. १९७० साली इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात अशा गाड्यांचा, म्हणजे स्ट्रीट रॉडचा, पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. पुढे असे मेळावे भरवणाऱ्या नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनने १९४८ किंवा त्याआधीची गाडी ही मर्यादा दीर्घकाळ पाळली. गंमत अशी की माझ्या पिकअपची बांधणी १९४७च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि किरकोळ बदलांसह १९५५च्या आरंभापर्यंत चालू राहिली, त्यामुळे त्या नियमाने माझा ट्रक स्ट्रीट रॉड ठरत असे आणि एका वर्षाने धाकटा, जवळपास तसाच पत्रा असलेला ट्रक ठरत नसे. पुढे संघटनेने तो नियम सैल केला.

आता मूळ इंजिनाविषयी. ते २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते आणि त्याची शक्ती ९० अश्वशक्ती होती. त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूचे ओतलेले असत आणि त्यांना आजच्यासारखे पूर्ण दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या तळाशी असलेल्या पळ्या तेलात बुडत आणि फिरता फिरता तेल उचलून घेत. शेतातून बाजारात मका, खत, दुधाच्या बरण्या नेणाऱ्या वाहनासाठी ही रचना उत्तम होती. त्या कामाला ओढ लागते, वेग लागत नाही, म्हणूनच मागच्या डिफरन्शिअलचे प्रमाण ४.११ असे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.११ फेऱ्या, ठेवलेले होते. पण या प्रमाणाचा हिशेब आजच्या रस्त्यावर करून पाहा. ताशी ७० मैल वेगाला, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरला, इंजिनाला मिनिटाला साधारण ३,४५० फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि त्याची कमाल शक्ती ३,३०० फेऱ्यांनाच येऊन गेलेली असते. ज्या आंतरराज्य महामार्गांवर आज आमच्या इंडियाना राज्यात मोटारींना ७० मैलांची मुभा आहे, ते बांधण्याचा कायदाच मुळी १९५६चा. हा ट्रक त्या रस्त्यांच्या आधी जन्मला. तो मूळ रूपात ठेवायचा तर त्याला एक तर गावातल्या गल्ल्यांत फिरवायचे किंवा ट्रेलरवर चढवून मेळाव्याला न्यायचे, आणि ट्रेलरवर चढून जाणारा ट्रक मला अपमानित वाटतो.

इंजिन बदलायचे म्हणजे केवळ इंजिन बदलत नाही, हे मात्र पाहुण्यांना पटवणे कठीण जाते. मूळ रचनेत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत फिरतो आणि त्या नळीचे एक टोक गिअरबॉक्सला हलत्या सांध्याने, दुसरे मागच्या ॲक्सलला घट्ट जोडलेले असते. गिअरबॉक्स गेला की ती नळी जाते, नळी गेली की तो ॲक्सल निरुपयोगी होतो. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टची करावी लागते, म्हणजे सगळी वायरिंग नवी. आज बॉनेटखाली शेव्हरोलेचेच ३५० घन इंचांचे व्ही-८ आहे, त्यामागे ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गिअर) असलेला चार वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे आणि मागे ३.५५ प्रमाणाचे डिफरन्शिअल आहे. त्याच ७० मैलांना इंजिन आता सुमारे २,१०० फेऱ्यांवर चालते आणि केबिनमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येते.

खरे सांगायचे तर इंजिनापेक्षा ब्रेक आणि पुढची चाके हे मोठे कारण होते. मूळ पिकअपला पुढे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला एकसंध ॲक्सल होता, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि सगळ्या चाकांना तेल पुरवणारा एकच मार्ग होता. त्यात कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक एकदम जात. माझ्या ट्रकला आता दोन स्वतंत्र मार्ग आहेत, पुढे डिस्क आहेत, आणि प्रत्येक चाक वेगळे हलणारे सस्पेन्शन आहे. या सस्पेन्शनचा आराखडा १९७४ ते १९७८ या काळातल्या फोर्ड मस्टँग टू या छोट्या मोटारीचा आहे. ते आटोपशीर असल्यामुळे आणि त्याचे सुटे भाग सहज मिळत असल्यामुळे स्ट्रीट रॉडवाल्यांनी ते दशकानुदशके आपलेसे केले आहे. शेव्हरोलेखाली फोर्डची हाडे हे ऐकून दोन्ही घराण्यांचे निष्ठावंत माझ्यावर सारखेच नाराज होतात, ते सोडून द्या. त्या सस्पेन्शनचा आडवा तुळईसारखा भाग चॅसीला वेल्ड करताना चाक मडगार्डच्या कमानीच्या बरोबर मध्यभागी यावे लागते. तिथे बोटभर जरी चूक झाली तरी ती गाडी बुटकी केल्यावर रस्त्यापलीकडूनही दिसते, आणि मेळाव्यात मी इतरांच्या गाड्यांची पहिली पारख तिथेच करतो.

खर्चाविषयीही विचारतात. लावलेला पैसा विकताना परत येत नाही, एवढे पुरे.

काय बदलले नाही हेही सांगायला हवे, कारण माझ्या मते स्ट्रीट रॉडची अभिरुची तिथे ठरते. समोरची काच दोन सपाट तुकड्यांची असल्याने खांब कापून छप्पर खाली आणणे त्या मानाने सोपे असते, आणि अनेक जण ते करतात. मी केले नाही. या केबिनचा उंच, गोल माथा हीच तिची ओळख आहे. मागच्या हौद्याला लाकडी फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या आहेत, त्या तशाच आहेत आणि त्यांवरून आजही लाकूड व माती वाहिली जाते. कारखान्याचा गर्द हिरवा रंग जिथे टिकला आहे तिथे तो ठेवला आहे. चमचमता नवा रंग द्या असे कारागिराने सुचवले होते, पण हौद्यात फावडे टाकताना हात कचरेल अशी गाडी मला नको होती.

आता तुमच्या ठपक्यातला जो भाग मला मान्य आहे, त्याबद्दल. माझ्या हाती आला तेव्हा या ट्रकचे इंजिन आधीच कोणीतरी बदललेले होते, चॅसीला जुने ठिगळ होते, आणि त्याच्या जन्माची एकही मूळ नोंद शिल्लक नव्हती. अशा ट्रकवर वेल्डिंगची ज्योत धरताना मला काही वाटले नाही. पण मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, अखंड चॅसी आणि कारखान्याचा रंग शाबूत असलेला पिकअप कुणाच्या खळ्यात उभा असेल, तर तो कापू नये असेच मी सांगतो. बोल्टने जोडलेले पुन्हा सोडवता येते, कापलेली चॅसी पूर्ववत होत नाही. तसे ट्रक आता कमी उरले आहेत, आणि माझ्यासारख्यासाठी अर्धवट मोडलेले, गंजलेले, बिनइंजिनाचे ट्रक अजून मुबलक मिळतात. तेव्हा गेल्या महिन्यात ज्या गृहस्थांनी सासऱ्यांच्या शेतावरचा असाच एक अखंड ट्रक मला दाखवून त्याचाही स्ट्रीट रॉड करून मागितला, त्यांना मी नकार दिला आणि मूळ रूप जपणाऱ्या एका कारागिराचा पत्ता दिला.