कुत्र्यासह फ्रान्स ओलांडून ब्रिटनला परतताना: आधी कॅलेची वेळ, मग नकाशा

दक्षिण फ्रान्स किंवा स्पेनहून गाडीने ब्रिटनला परतायचं आहे आणि सोबत कुत्रा आहे, तर प्रवासाची आखणी निघायच्या गावापासून करू नका. उत्तर फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळ, समुद्राखालून इंग्लंडला जाणाऱ्या बोगद्याच्या रेल्वेत गाडी चढवायची वेळ आधी पक्की करा आणि तिथून उलटं मोजत या. हॉटेल कुठे, मुक्काम किती, कोणता रस्ता, हे सगळं त्या वेळेवर ठरतं, कारण मध्ये पट्टकृमीच्या औषधाचा नियम आहे.

नियम असा: ग्रेट ब्रिटनमध्ये शिरण्याच्या किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास आधी पशुवैद्याने कुत्र्याला औषध द्यायचं आणि कागदावर नोंद करायची. औषधात प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक असतं. रोख एकिनोकोकस मल्टिलोक्युलॅरिस या कृमीवर आहे. मध्य युरोप आणि पूर्व फ्रान्समधल्या कोल्ह्यांत हा कृमी असतो, ब्रिटनमध्ये नाही. कुत्र्याला त्याचा सहसा काही त्रास होत नाही, पण माणसाच्या यकृतात तो गाठीसारखा पसरत जातो. त्यामुळे तपासणीवाले या नोंदीबाबत सूट देत नाहीत आणि देऊही नये.

एक उदाहरण घेऊ. बोगद्याची वेळ बुधवारी दुपारी ३ची आहे. मग औषध शुक्रवारी दुपारी ३ ते मंगळवारी दुपारी ३ यांच्या दरम्यान द्यायला हवं. यातला रविवार बाद, शनिवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद, काही सोमवारीही बंद. माझी पसंती सोमवारी सकाळी १० वाजता. बुधवारी ३ वाजता ५३ तास भरतात आणि गाडी बिघडली किंवा संप झाला तरी शनिवारी सकाळपर्यंत मोकळीक राहते. शनिवारी सकाळी १०ला औषध दिलं तर मुदत गुरुवारी सकाळी १०ला संपते. चालतं, पण एक मुक्काम वाढला की गाडं अडतं. फ्रान्समध्ये दुपारी १२ ते २ दवाखाने सर्रास बंद असतात. १ आणि ८ मे, १४ जुलै, १५ ऑगस्ट या सुट्ट्या कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. वेळ आठवडाभर आधी फोन करून घ्या. फ्रेंच येत नसेल तर 'व्हेर्मिफ्यूज' (जंतांचं औषध), 'प्राझिक्वांतेल' आणि 'पासपोर' (कुत्र्याचा पासपोर्ट) या तीन शब्दांवर काम भागतं.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी नोंद डोळ्यांत तेल घालून तपासा. औषधाचं नाव, बनवणारी कंपनी, तारीख, वेळ, सही, शिक्का, सगळं हवं. सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. तारीख लिहिली जाते आणि तासाचा रकाना कोरा राहतो. त्याच भेटीत कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप वाचून घ्या आणि तिचा १५ आकडी क्रमांक कागदाशी जुळवा. चिप मानेवरून खांद्याकडे किंवा पायाकडे सरकते, आणि ती कुठे सापडली हे माहीत असलं तर कॅलेला वेळ वाचतो. रेबीजच्या लसीची तारीख चिपच्या तारखेच्या आधीची नसावी. तशी असेल तर ती लस धरलीच जात नाही.

आता रस्ता. मॉंपेलिए-बेझिएच्या बाजूने येत असाल तर उन्हाळ्यात ए७५ हा मोटरवे घ्या. क्लेरमाँ-फेराँपर्यंतचा हा रस्ता मियोचा पूल सोडला तर टोलमुक्त आहे, पण कुत्र्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो मासिफ सेंत्रालच्या डोंगरातून १,००० मीटरपेक्षा वर चढतो. खाली समुद्राकाठी ३५ अंश असताना वर हवा बरीच थंड असते आणि थांब्यावर कुत्रा खरोखर चालतो. ऱ्होन खोऱ्यातला ए७ नकाशावर सोपा दिसतो, पण जुलै-ऑगस्टच्या शनिवारी तिथे गाड्या तासन् तास मुंगीच्या चालीने सरकतात, तेही भर उन्हात. बिझाँ फ्युते ही सरकारी सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. लाल-काळ्या दिवशी कुत्र्याला घेऊन निघूच नका. ए७ टाळता येत नसेल तर पहाटे ४ला निघून ११च्या आत ल्याँ मागे टाका. पुढे पॅरिसच्या वाटेला न जाता बोन, लाँग्र, त्रुआ, रँस असं ए२६ला लागलात की रस्ता थेट कॅलेला पोचतो. शांपेनमधला हा टप्पा सपाट, मोकळा आणि सावलीविना आहे. तो दुपारी येऊ देऊ नका.

वेगमर्यादा मोटरवेवर १३०, पाऊस असेल तर ११०. ब्रिटनची गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, म्हणजे टोलचं यंत्र पलीकडच्या बाजूला. एकटे असाल तर टोलचा टॅग काचेवर लावाच. नाहीतर प्रत्येक नाक्यावर उतरून गाडीला वळसा घालावा लागतो आणि त्या गोंधळात दार उघडं राहिलं की कुत्रा बाहेर. नॉर्मंडीकडून ए१३ने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे नाके उरलेले नाहीत. कॅमेरे नंबरपाटी टिपतात आणि टोल ७२ तासांत स्वतःहून ऑनलाइन भरायचा असतो.

गाडीत कुत्रा पिंजऱ्यात किंवा हार्नेसने बांधलेला हवा. पिंजरा डिकीतल्या कड्यांना पट्ट्यांनी आवळा, नुसता ठेवू नका. एसीची हवा पुढच्या सीटवर जोरात येते आणि डिकीपर्यंत पोचत नाही, ही बाब फार जणांच्या ध्यानात येत नाही. साधा थर्मामीटर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर टांगा आणि पुढे तुम्हाला गारठा वाटत असताना मागे किती अंश आहेत ते बघा. २५च्या वर जात असेल तर मागच्या काचांना जाळीचे पडदे आणि पिंजऱ्यापाशी बॅटरीचा छोटा पंखा लावा. बुलडॉग, पग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी तर मी २२च धरेन.

खाणं निघण्याच्या दोन-तीन तास आधी, नेहमीपेक्षा कमी. मोठं जेवण मुक्कामी. २० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हात त्याच्या दुप्पट धरा आणि ते थोडं थोडं द्या. गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याकडून मॅरोपिटंट या उलटी रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्या आधीच घ्या. गुंगीचं औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. गुंगीत शरीराचं तापमान आणि रक्तदाब सांभाळणं कुत्र्याला जड जातं.

दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबा. पेट्रोल पंप आणि दुकान असलेल्या 'एर द सेर्व्हिस'पेक्षा नुसत्या विसाव्याच्या 'एर द रपो' कुत्र्याला जास्त मानवतात. झाडं, गवत, बाकं आणि कमी गर्दी. एकटे असाल तर फायदा आणखी मोठा: तिथल्या शौचालयांची दारं बरेचदा थेट बाहेर उघडतात आणि कुत्र्याला सोबत आत घेता येतं. त्याला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. बाहेर २२ अंश असले तरी बंद गाडीत तासाभरात ४७ अंश होऊ शकतात. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही पोळतील.

उष्माघाताची खूण म्हणजे थांबता न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लडखडणारे पाय. आधी थंड करा, मग दवाखाना. सावलीत अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. रविवारी जवळच्या दवाखान्याचा फोन लावला तर ड्युटीवर कोण आहे ते त्यांच्या ध्वनिमुद्रित संदेशात सांगितलेलं असतं.

गवतातला उन्हाळी शत्रू म्हणजे कुसळं. रानटी बार्लीची ती वाळकी टोकं एकाच दिशेने सरकतात. बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकात शिरली की आतच जात राहतात. प्रत्येक थांब्यानंतर पंजे उघडून बघा. कुत्रा अचानक डोकं एका बाजूला झुकवून कान झटकू लागला तर चिमटा न घालता दवाखाना गाठा. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात पाइनच्या झाडांखाली चालवू नका. फांद्यांवर कापसासारखी घरटी दिसली तर खाली सुरवंटांची माळ असू शकते. त्यांचे केस जिभेला लागले की जीभ सुजते आणि तिचा भाग मरू शकतो. न चोळता भरपूर पाण्याने धुवा आणि तडक पशुवैद्याकडे न्या.

मोटरवेवर गाडी बंद पडली तर पिवळी जॅकेटं आतच घाला, कुत्र्याला दोरी आधी लावा, मगच उजवीकडचं दार उघडा आणि सगळे कठड्यापलीकडे जा. केशरी फोन साधारण दर दोन किलोमीटरवर असतात. दार उघडण्याआधी लावायची म्हणून कुत्र्याची दोरी डिकीच्या तळाशी नको, हाताशी हवी.

बोगद्यासाठी ए१६च्या ४२ क्रमांकाच्या फाट्यावर बाहेर पडा. गाडी तपासणीच्या रांगेत घालण्याआधी प्राणी-स्वागत कक्ष लागतो. चिप आणि कागद तिथे बघतात. वेळेपेक्षा दीड तास आधी पोचा. नोंदीत चूक निघाली तर परत पशुवैद्याकडे जावं लागतं आणि औषध नव्याने घेतलं तर २४ तास पुन्हा मोजायचे. बोगद्यात ३५ मिनिटं कुत्रा तुमच्यासोबत गाडीतच असतो, म्हणून कडक उन्हाळ्यात मी फेरीबोटीपेक्षा बोगदाच सुचवेन. बोटीत तो बहुधा खालच्या डेकवर एकटा राहतो.

पलीकडे इंग्लंडच्या एम२० मोटरवेवर पहिला थांबा फोकस्टनजवळ ११ क्रमांकाच्या जंक्शनला आहे. पाणी पाजा आणि उजेडात गोचिडी शोधा: कानांच्या मुळाशी, काखेत, जांघेत. दक्षिण फ्रान्सच्या गोचिडीतून बेबेसिओसिस हा तांबड्या रक्तपेशींचा आजार येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, मरगळ, फिकट हिरड्या किंवा गडद लालसर लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि कुत्रा कुठल्या भागातून आला ते पहिल्याच वाक्यात सांगा. ब्रिटनमधल्या पशुवैद्याच्या डोक्यात हा आजार एरवी पटकन येईलच असं नाही.