झाडू विकणारा रहस्यकथाकार

जपानी रहस्यकथा आवडत असतील तर सेइचो मात्सुमोतो वाचाच, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या कादंबऱ्यांइतकंच त्याचं करिअर इंटरेस्टिंग वाटतं. जन्म १९०९चा, घरी गरिबी, त्यामुळे शिक्षण लवकर सुटलं, मग पडेल ती नोकरी, छापखान्यातलं काम, असं करत करत कोकुरा शहरात 'असाही शिम्बुन' या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात डिझाइनचं काम. मधे सैन्यात भरती होऊन कोरियात, आणि युद्ध संपल्यावर पगारात घर चालेना म्हणून साइडला झाडूविक्री! १९५०मध्ये एका साप्ताहिकाच्या कथास्पर्धेत उतरला तेव्हा चाळिशी गाठली होती.

तीनच वर्षांत अकुतागावा पुरस्कार. तो गंभीर साहित्याचा मोठा मान समजला जातो, आणि मजा म्हणजे ज्या कथेला तो मिळाला ती आधी नाओकी पुरस्कारासाठी, म्हणजे लोकप्रिय लेखनाच्या गटात होती, तिथून इकडे सरकवली.

खरा धमाका १९५७चा. 'ताबी' नावाच्या प्रवासाच्या मासिकात 'तेन तो सेन' ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. जपानच्या क्युशू बेटाच्या किनाऱ्यावर एक सरकारी अधिकारी आणि एक बाई मेलेली सापडतात, सगळे म्हणतात प्रेमप्रकरण, दोघांनी मिळून जीव दिला, केस बंद. पण एका वयस्कर लोकल पोलिसाला मेलेल्याच्या खिशातली रेल्वेच्या डायनिंग कारची पावती खटकते, कारण ती एकाच माणसाच्या जेवणाची आहे. सोबत मरायला निघालेली बाई गाडीत असताना हा एकटाच का जेवला? पुढे टोकियो स्टेशनवरची ती फेमस चार मिनिटं येतात, १३ नंबर प्लॅटफॉर्मवरून १५ नंबरची गाडी मधे काही आड न येता तेवढाच वेळ दिसते. वेळापत्रकाचं हे गणित भारी आहेच, पण मला जास्त भिडतं ते खुनामागचं कारण, मंत्रालयातला भ्रष्टाचार आणि त्यात वरच्यांना वाचवायला बळी जाणारा मधला माणूस. बंद खोलीतला खून, विक्षिप्त डिटेक्टिव्ह असलं काही नाही, तपास करणारे थकलेले पगारी पोलीस. जाहिरातीच्या टेबलावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ऑफिसातली उतरंड कुणी शिकवायला नको होती.

पुढे 'सुना नो उत्सुवा' ही कादंबरी, शिवाय युद्धानंतरच्या अमेरिकन ताब्यातल्या जपानमधल्या गूढ प्रकरणांवरचं लेखन, असं १९९२मध्ये जाईपर्यंत तो लिहीतच राहिला. एवढं लिहिल्यावर सगळंच उत्तम कसं असणार, योगायोग तर कधीकधी फारच सोयीचे असतात. तरी सुरुवात 'तेन तो सेन'नेच करा, छोटी आहे, आणि शेवट आधी गूगल करू नका प्लीज.