मिरीची परसातली शी-शू : मे अखेरची नोंद

मिरी ही आमची काळ्या-तपकिरी रंगाची डॅशहंड जातीची कुत्री. १० जानेवारीला ती जुळे सोलापुरातील आमच्या घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. तिला शी-शूसाठी परसात जाण्याची सवय लावताना मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. लहान जातीचे पिल्लू सांभाळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून त्या वहीतील नोंदी येथे सविस्तर मांडते.

पहिल्या आठवड्यात घरात एकतीस वेळा फरशी पुसावी लागली. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून जितके तास येतील, तितका वेळ ते जास्तीत जास्त रोखून धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. पण तो स्वस्थ पडून राहिलेल्या पिल्लाचा हिशेब आहे. जागे असलेले, खेळणारे आणि त्यातून लहान जातीचे पिल्लू तासभरही थांबत नाही. त्यामुळे झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ थांबताच आणि एरवी दर पाऊण तासाने तिला उचलून परसात न्यायचे, असे वेळापत्रक मी आखले. रात्री ती माझ्या पलंगाशेजारी खोक्यात झोपत असे. निजायची जागा सहसा कुत्रे स्वतः घाण करत नाही, त्यामुळे तिची चुळबुळ सुरू झाली की मला जाग येई. तरीही दोन वाजताचा गजर मी दीड महिना लावला. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने तिला रस्त्यावर न्यायचे नव्हते; आमच्या परसाला फाटक असून भटकी कुत्री आत येत नाहीत, हे त्या काळात फार मोलाचे ठरले.

तिने मातीवर बसावे ही माझी अपेक्षा होती, पण तिचे आधीचे सगळे दिवस टाइल्सवर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर गेले होते. आठ-नऊ आठवड्यांच्या वयाला पायाखाली कोणता पृष्ठभाग असावा, याची पिल्लाची आवड पक्की होऊ लागते. मातीवर ठेवले की ती नुसती उभी राही आणि घरात परतताच गुळगुळीत फरशीवर मोकळी होई. म्हणून मी वर्तमानपत्राचा तिने ओला केलेला तुकडाच कडुनिंबाखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, कडेने मातीने दाबला आणि रोज चार बोटे फाडून लहान करत गेले. अकराव्या दिवशी कागद संपला आणि ती मातीवर बसली. बसून उठताक्षणी, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिला मिळे. घरात येऊन दिलेला खाऊ तिला घरात आल्याचे बक्षीस वाटतो, हे मला पहिल्या चार दिवसांतच दिसून आले होते. सिद्धेश्वर यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र आवाजाने ती इतकी बिथरली की पुढचे दोन दिवस काळोख पडल्यावर परसात पाऊल टाकेना.

फेब्रुवारीत तिने धरलेला कोपरा ती अधूनमधून विसरू लागली. कारण साधे होते. सासूबाई पहाटे परसभर सडा घालत आणि त्यात खुणेचा वास धुऊन जाई. “आई, तेवढा कोपरा सड्यातून वगळाल का?” असे विचारल्यावर त्यांनी त्याच दिवशी कोपऱ्याभोवती चार विटा मांडून दिल्या. घरात मात्र नेमके उलटे हवे असते, वास मुळापासून जायला हवा. काळे फिनाइल मी बंद केले, कारण त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये कुत्र्यांना घातक असतात आणि पिल्लू पंजे चाटतच असते. त्याऐवजी आधी जुन्या सुती कापडाने शू टिपून घेऊन मग एन्झाइमयुक्त द्रव वापरते. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बादल्या ओतून धुण्यापेक्षा हे परवडतेही.

मार्चमधील नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मी आधी पाहायला हवी होती. बाराव्या आठवड्यापासून मी तिला उचलून नेणे सोडले होते, आणि त्यानंतर घरात झालेल्या नऊ चुकांपैकी सात मागच्या दाराच्या उंबरठ्यापासून हातभर अंतरावर होत्या. म्हणजे कुठे जायचे ते तिला कळले होते, ती दारापर्यंत पोहोचतही होती. पण तिथून परसात उतरायला तीन उंच पायऱ्या आहेत आणि तिचे पाय माझ्या तर्जनीपेक्षा थोडेच लांब होते. लांब पाठीच्या या जातीच्या कुत्र्याला पायऱ्यांवरून उड्या मारू देणे मणक्यासाठीही वाईट. सुताराकडून पाच फुटी फळी आणून तिच्यावर गोणपाट ठोकले आणि उतार केला. पहिल्यांदा ती नाक फळीला टेकवून, पोट घासत, इंचाइंचाने उतरली. खाली पोहोचल्यावर तिने वळून माझ्याकडे पाहिले आणि थेट विटांच्या कोपऱ्यात गेली. त्या आठवड्यात घरात एकही चूक झाली नाही. पिल्लावर चिडण्याआधी त्याच्या उंचीवर बसून वाट पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि दुपारच्या चुका परत सुरू झाल्या. उतारापासून कोपऱ्यापर्यंतची शहाबादी फरशी इतकी तापत होती की मला हाताची मागची बाजू तिच्यावर पाच सेकंदही ठेवता आली नाही. मिरीचे तर पोटही जमिनीपासून चार बोटांवर. हिरवी जाळी बांधली, फरशीवर ओले गोणपाट अंथरले, आणि तीन दिवसांत दुपार मार्गी लागली.

घरातील शेवटची चूक ९ मेची आहे. आता ती मागच्या दाराच्या कडीखाली येऊन बसते. कोणी पाहिले नाही तर एकदाच, हलकेच भुंकते. पुढची चिंता मृगाच्या पावसाची, कारण ओल्या मातीवर पाय टेकवायला ती अजून कां-कूं करते. म्हणून कोपऱ्यावर पत्रा टाकला आहे, आणि तिला आवाजाची सवय व्हावी यासाठी ती तिथे असताना मी झारीने पत्र्यावर थोडे थोडे पाणी सोडते. काल ती आवाज ऐकून थबकली, मान वर करून पाहत राहिली, आणि मग बसली.