ट्रेलोतली कामं बोलती केली, पण त्याआधी बँक

आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात. हंगामात कामांची यादी मी ट्रेलो नावाच्या अ‍ॅपवर ठेवते, एका कामाला एक कार्ड. कुठली कलमं उतरायची, कुठल्या पेट्या मुंबईला, कुठल्या पुण्याला, आडीतला, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेला, कुठला माल परतायचा, सगळं त्यात. यादी चोख असते, पण वाचतं कोण? दीर पहाटे बागेत, गडी झाडावर, बोटांना चीक. मोबाइल उघडून कार्डं वाचायला कुणाला सवड नाही आणि ऐकायला मात्र सगळ्यांना आहे. म्हणून ठरवलं की रोज पहाटे ती यादी आवाजात सगळ्यांच्या फोनवर गेली पाहिजे.

कोडिंग मला येत नाही, आणि लागलंही नाही फारसं. एन८एन नावाचं लो-कोड, म्हणजे जवळजवळ कोड न लिहिता चालणारं, साधन घरच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं. आपल्याच मशीनवर चालवलं तर त्याला पैसे पडत नाहीत. त्यात चौकोन मांडायचे आणि रेघेने जोडायचे: ठरल्या वेळी सुरू होणारा, ट्रेलोतून कार्डं आणणारा, त्यांची वाक्यं करणारा, ती आवाजाच्या सेवेकडे पाठवणारा, आणि आलेली फाइल टेलिग्रामवर टाकणारा. हे एका संध्याकाळीच जमलं. आवाजासाठी मायक्रोसॉफ्टचं अझुर निवडलं, कारण तिथे मराठीचे दोन आवाज आहेत, मनोहर आणि आरोही, आणि महिन्याला ५ लाख अक्षरं फुकट. (अक्षरं म्हणजे आपण शाळेत मोजतो ती नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा, सगळं वेगवेगळं धरतात. ‘की’ म्हणजे दोन. तरी आमची यादी ५ लाखांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.)

फुकट असलं तरी खातं उघडताना ओळख पटवायला बँकेचं कार्ड लागतं. इथून पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं रोजचं खातं सहकारी बँकेत, तिथलं कार्ड देशातल्या देशात चालणारं, ते बाजूला ठेवलं. दुसरं खातं एका मोठ्या बँकेत. ते कार्ड घातलं की बँकेचा मेसेज हजर: व्यवहार नाकारला. का नाकारला ते नाही. कस्टमर केअरवर एक दाबा, दोन दाबा करत शेवटी कळलं की कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत, शाखेत जा.

शाखेत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. “परदेशातलं काय घेताय मॅडम? हल्ली फार फसवणूक होते.” म्हटलं, घेत काहीच नाही, आंब्याची यादी बोलती करायची आहे. त्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं त्यावरून कळलं की हा विषय इथे संपला. एक फॉर्म दिला. तो भरला, आधारची झेरॉक्स जोडली, पॅनची जोडली. “मुंबईला जाईल, मेसेज येईल.” मेसेज आला नाही. पुन्हा गेले तर त्या बाई रजेवर, आणि फॉर्म कुणाच्या टेबलावर आहे हे त्यांनाच ठाऊक. इकडे मोहोराचं फळ झालं होतं, हंगाम तोंडावर, आणि मी एका सहीच्या मागे एसटीने तालुक्याला.

मग घरी बसून रिझर्व्ह बँकेचा नियमच शोधून काढला. १५ जानेवारी २०२० चं परिपत्रक आहे. १६ मार्च २०२० पासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे. इथवर ठीक, नियम चांगलाच आहे. पण त्याच परिपत्रकात असंही आहे की ही सोय बँकेने चोवीस तास द्यायची, मोबाइल अ‍ॅप, नेट बँकिंग, एटीएम, फोनवरची यंत्रणा अशा मार्गांनी. शाखेचा उल्लेख आहे, तोही जमल्यास म्हणून. म्हणजे तो फॉर्म, त्या झेरॉक्स, ती मुंबई, कशाचीच गरज नव्हती.

परिपत्रकाची प्रिंट घेऊन थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. गृहस्थ सज्जन. माझ्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप टाकायला लावलं. हे अ‍ॅप नोंदवताना सिममधून एक मेसेज आपोआप जातो, त्याला रेंज लागते, आणि आमच्या वाडीत रेंज म्हणजे कधीतरी भेटणारा पाहुणा. म्हणून घरी ते कधी नोंदवलंच जात नव्हतं. शाखेत झटक्यात झालं. आत कार्डाच्या पानावर ‘ऑनलाइन’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ अशी दोन वेगळी बटणं निघाली, दोन्ही चालू करावी लागली. आणि हे नीट ऐका: बटण चालू केलं तरी खाली मर्यादेचा आकडा शून्य असतो. तो वाढवल्याशिवाय कार्ड चालत नाही. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये मांडणी वेगळी असेल, पण तो शून्य कुठेतरी शोधाच.

एवढं करून घरी आले तर ओटीपी येईना. वायफाय आहे, एसएमएस नाही. शेवटी लॅपटॉप काखेत मारून भर उन्हात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेले, फोनचा हॉटस्पॉट लावला, स्क्रीनवर ओढणी धरली आणि तिथे कातळावर बसून खातं उघडलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पहिली पेटी वाशीला गेल्यावरही होत नाही. संध्याकाळी अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय बटण परत बंद केलं, तुम्हीही करा.

खातं उघडल्यावर सेवेचा दर निवडताना एफ० निवडायचा, तो फुकटचा. एस० ला बिल येतं. विभाग सेंट्रल इंडिया घ्या, म्हणजे पुणेच. सेवा वापरायला जी किल्ली (लांबलचक गुप्त अक्षरं) मिळते ती ज्या विभागाची, एन८एनमध्ये सेवेचा पत्ताही त्याच विभागाचा द्यावा लागतो, नाहीतर ४०१ ही चूक दाखवून दार बंद.

वेळेचं सांगायचं राहिलं. एन८एनचं घड्याळ मुळात न्यूयॉर्कचं असतं, ते एशिया/कोलकाता करून घ्या. आणि ट्रेलो मुदतीची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत देतं. आपली पहाटेची ५ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे ११.३०. ‘आजची कार्डं’ अशी चाळणी लावताना वेळ आधी भारतीय करून घेतली नाही तर पहाटेची तोडणीच यादीतून गळते, आणि आमचं सगळं महत्त्वाचं काम पहाटेचंच.

ट्रेलोच्या कार्डाच्या नावात ‘&’ हे चिन्ह लिहू नका. आवाजाकडे मजकूर एक्सएमएल नावाच्या ठरावीक खुणांच्या मांडणीत जातो, त्या चिन्हाने तो मोडतो आणि उत्तर येतं ४००, म्हणजे मागणीच चुकली. सरळ ‘आणि’ लिहा. फवारणीच्या कार्डात ‘मि.लि.’ऐवजी ‘मिलिलीटर’ पूर्ण लिहा. औषधाच्या मापात ऐकणाऱ्याचा गोंधळ परवडत नाही.

टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं खातं, आपणहून कुणाला पहिला मेसेज पाठवू शकत नाही. प्रत्येकाच्या फोनवर जाऊन एकदा ‘स्टार्ट’ दाबून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच करायला बिझनेसचं वेगळं खातं आणि मंजूर केलेले मेसेज लागतात, त्या वाटेला मी गेले नाही.

पहिल्या पहाटे मनोहरचा आवाज ऐकून दीर म्हणाले, “वयनी, ह्यो कोण बापयो बोलता?” आता आवाज आला नाही तर तेच फोन करतात.

राखणीला आमच्याकडे नेपाळी मंडळी असतात. अझुरमध्ये नेपाळीचेही हेमकला आणि सागर असे आवाज आहेत. ट्रेलोत त्यांच्या कार्डांना वेगळं लेबल लावून एन८एनमध्ये फाटा फोडता येतो, पण आवाज भाषांतर करत नाही, मजकूर आधी नेपाळीत हवा. मधे भाषांतराचा एक चौकोन घालायचं काम बाकी आहे. त्याला कार्ड लागणार नाही एवढं आधी बघून ठेवलंय.