विजेचा फोटो: उजेड ॲपर्चरने आवरायचा
वीज चमकली की बटण दाबायचं, हा हिशेब रात्री जुळत नाही. डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत वीज बहुधा विझलेली असते. म्हणून शटर आधीच उघडं ठेवायचं आणि वाट बघायची.

इथे एक्स्पोजरचं नेहमीचं गणित बदलतं. शटर १० सेकंद उघडं असो वा ३०, वीज उजेड टाकते तो क्षणभरच. त्यामुळे तिची रेघ किती उजळ उमटणार हे ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आणि आयएसओवर (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ठरतं. शटरच्या वेळेने फरक पडतो तो आकाशाला आणि खालच्या दिव्यांना. आयएसओ १०० ठेवा. वादळ लांब असेल तर एफ/५.६ पासून सुरुवात करा, जवळ येईल तसं एफ/८, एफ/११ करत जा; आकडा मोठा तितकं भोक लहान. रेघ जाड आणि पांढरीफटक येतेय, बारीक फाटे उजेडात बुडतायत, तर ॲपर्चर एक स्टॉप लहान करा, म्हणजे उजेड निम्मा होईल. शटरची वेळ घटवून ती रेघ सुधारणार नाही. रेघ छान आहे पण दिव्यांमुळे आकाश नारिंगी झालंय, तर मात्र वेळच घटवा, ३० वरून १५ सेकंद. हे दोन दोष वेगळे ओळखता येणं फार महत्त्वाचं, कारण दोन्हीकडे फोटो 'जास्त उजळ' एवढंच दिसतं.

फोकस मॅन्युअलच हवा. ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) दूरचा एखादा दिवा मोठा करून बघा आणि ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा. नुसत्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बऱ्याच लेन्सची रिंग तिच्याही पुढे फिरते. झूम हलला तर फोकस पुन्हा तपासायचा.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे काढणारी सोय) आठवणीने बंद करा. ते चालू असलं तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून काळी फ्रेम घेत बसतो, आणि नेमक्या त्यात चांगल्या विजा निसटतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही (हाताची थरथर सावरणारी सोय) नको. कंटिन्युअस मोड लावून केबल रिलीजचं (वायरने जोडलेल्या शटर-बटणाचं) बटण लॉक केलं की फोटोमागून फोटो निघत राहतात. वारा असेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

दिवसा एवढा वेळ शटर उघडं ठेवता येत नाही. तिथे लाइटनिंग ट्रिगर, म्हणजे चमक ओळखून आपोआप शटर उघडणारं उपकरण, लागतो. तोही पहिल्या झटक्यापेक्षा त्याच वाटेने येणारे पुढचे झटकेच जास्त पकडतो.

आणि अंतर मोजत राहा. चमक आणि गडगडाट यांत ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. हे अंतर ३० सेकंदांवर आलं की आवरायचं आणि पक्क्या इमारतीत किंवा काचा मिटलेल्या, धातूच्या छताच्या गाडीत जायचं. झाडाखाली किंवा उघड्या गच्चीवर थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहायचं. खिडकीच्या काचेतूनही उत्तम फोटो निघतात: खोलीतले दिवे मालवा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळं कापड गुंडाळा.