अलर्ट आला तर म्हणे लाइट गेली असंल

फिशिंगची टेस्ट, म्हणजे खोटा मेल पाठवून कोण फसतं ते बघायची चाचणी, झाली की दुसऱ्या दिवशी सायबांचा एकच प्रश्न, किती जणांनी क्लिक केलं? मला हा प्रश्नच पटत नाही. शेकड्यानं माणसं असलेल्या कंपनीत कुणीतरी क्लिक करणारच, कामाच्या गडबडीत माणूस काहीबी दाबतो. विचारायचंच असंल तर "हा मेल गडबडीचा वाटतो" असं सांगणारा पहिला फोन किती वाजता आला आणि तो घेतल्यावर आपण काय केलं ते विचारा ना.

वाळूजच्या एका कंपनीत आयटीत होतो तेव्हा रेड टीम एक्सरसाइज झाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेड टीम म्हणजे पैसे देऊन बोलावलेले चोर आणि ब्लू टीम म्हणजे आपण, राखणीवाले. रंगांची भानगड अमेरिकी लष्कराच्या युद्धसरावातून आली, शीतयुद्धाच्या काळात शत्रूचा रोल करणाऱ्यांना रेड म्हणायचे. पेनटेस्ट म्हणजे घुसून बघायची साधी चाचणी, त्यात सिस्टिममधली भोकं शोधून यादी देतात, रेड टीम मात्र एखादंच भोक धरून आत शिरते आणि ठरलेल्या जागेपर्यंत गुपचूप पोचायला बघते, अन् मेन म्हणजे राखणीवाल्यांना आधी सांगत नाहीत. आमच्यात फक्त प्लांट हेड आणि आयटी मॅनेजरला माहीत होतं. लेखी परवानगी मात्र लागतेच, नाहीतर आयटी कायद्यानं तो सरळ गुन्हा आहे. (परवानगी असून पण घोळ होतो, २०१९ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या एका कोर्टात रात्री टेस्टिंगला शिरलेले दोघं खिशात पत्र असताना जेलमध्ये गेले, केस नंतर मागे घेतली ती गोष्ट वेगळी.)

तर आमच्याकडे आलेल्या रेड टीमच्या पोरांनी मेल काय टाकला, "सोमवारपासून बसचे रूट बदलले आहेत, आपला नवीन स्टॉप बघण्यासाठी लॉगिन करा". वाळूजला बसनं कामाला जाणाऱ्याला कळंल हे किती डेंजर आहे, पगाराचा मेल लोक सावकाश उघडतील पण सकाळची बस चुकायची म्हणलं की कोण थांबतंय, बजाजनगर काय सिडको काय धडाधड पासवर्ड टाकले सगळ्यांनी. तेवढ्यात स्टोअरच्या काकांचा इंटरकॉम आला, "काय हो, बसवाला तर गेटवर वहीत नावं लिहून घेतो, त्याला कधीपासून पासवर्ड लागायलाय?"

अख्ख्या एक्सरसाइजमधलं सगळ्यात भारी डिटेक्शन हे होतं, आणि आमच्या टीमनं काय केलं, "बघतो काका" म्हणून फोन ठेवला.

दुपारी फाइल सर्व्हर मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर लाल झाला. कुणीतरी म्हणलं लाइट गेली असंल. आता त्याचं पण चूक नाही, शेडमधला एक स्विच यूपीएसवर नव्हता, लाइट गेली की तो पडायचा आणि स्क्रीन लाल व्हायची, रोजचंच. पण त्या दिवशी लाइट होती. रेड टीमनं मॉनिटरिंगचा एजंटच, म्हणजे सर्व्हरची खबर स्क्रीनला देणारा प्रोग्रामच, बंद केला होता आणि निवांत डिझाइनच्या ड्रॉइंगपर्यंत जाऊन तिथं पुरावा म्हणून एक टेक्स्ट फाइल ठेवून आले.

खरी मजा नंतरच्या मीटिंगला आली. दोन्ही टीम एकत्र बसतात त्याला पर्पल टीमिंग म्हणतात, प्रोजेक्टरवर त्यांची टाइमलाइन, शेजारी आमचे लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या नोंदी. सकाळी काकांचा फोन, दुपारी लाल स्क्रीन, आणि मधल्या वेळात आमच्या लॉगमध्ये नको त्या लॉगिनची रांग, कुणी बघितलीच नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायला लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवायला लागतात. खरा हल्ला असता तर घड्याळ काकांच्या फोनपासून सुरू झालं असतं, आमच्या मीटिंगपासून नाही.

इथंपर्यंत ठीक होतं. मंग एचआरनं काय डोकं चालवलं, क्लिक करणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावली. पुढच्या टेस्टला क्लिक कमी झाले, मॅनेजमेंट खूश, प्रेझेंटेशनमध्ये खाली जाणारा ग्राफ. पण फोन एक पण नाही आला. काकांना चहाच्या टपरीवर विचारलं तर म्हणले, "मेल दिसला होता की. पण कशाला सांगायचं बाबा, उगं उद्या माझंच नाव लावायचे."

एस्टोनियातल्या टॅलिनला नाटोचं सायबर सेंटर २०१० पासून लॉक्ड शील्ड्स नावाचा सराव घेतंय, तिथं ब्लू टीमला नुसतं सर्व्हर वाचवून भागत नाही, रिपोर्ट द्यायला लागतात, कायद्याचे प्रश्न सोडवायला लागतात, पत्रकारांना उत्तरं द्यायला लागतात, त्या सगळ्याचे मार्क असतात. आमच्याकडे मार्क फक्त क्लिकला.

आता दुसरीकडे आहे. इथं नावं लावायची नाहीत हे आधीच लिहून घेतलंय आणि फोन करणाऱ्याला कँटीनचं कूपन द्यायचं ठरलंय. सध्या वाद तारखेवरून आहे. अकाउंट्सवाले म्हणायलेत मार्च क्लोजिंगला एक्सरसाइज अजिबात नको, लोकांना श्वास घ्यायला टाइम नाही. मी म्हणतो तेव्हाच घ्या. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ ला सायबर हल्ला करून एटीएमवरून पैसे काढले तो ११ ऑगस्टचा शनिवार होता, सगळं धरून ९४ कोटी गेले, चोरांनी काय बँकेची सोय बघितली होती का? फायनान्स हेड म्हणतेत एप्रिलमध्ये बघू. मी अजून हो म्हणलेलं नाही.